गळक्या छताला धनी कोण?

मागच्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री आमची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, अंगणातच उभी होती. दिवसभर तापलेलं नागपूर, संध्याकाळी धुळीचं वादळ, मग लाइन गेलेली आणि तासभर नुसता धो धो. पाऊस थांबल्यावर सहज म्हणून गाडीचं दार उघडलं, तर ओल्या प्लायवूडचा वास नाकात शिरला. टॉर्च मारून पाहिलं. छतावरच्या एसीच्या चौकटीला, मागच्या डाव्या कोपऱ्यात, एक थेंब धरत होता, फुगत होता आणि बरोबर बायकोच्या उशीवर पडत होता. गाडी ताब्यात येऊन तेव्हा सात महिने झाले होते.

"वॉरंटी आहे नं?" ती म्हणाली.

होती. एक नाही, चार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल काढून चारही कार्डं टेबलावर मांडली. मूळ व्हॅनच्या कंपनीचं एक, आतलं घर बसवून देणाऱ्या बॉडी बिल्डरचं एक, एसीचं एक, बॅटरी-इन्व्हर्टरचं एक. चहा होईपर्यंत तीन फोन झाले. एसीवाल्याने विचारलं, "थंड करतो आहे ना? मग आमच्या मशीनमध्ये दोष नाही." व्हॅनच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, छत आमचंच आहे, पण त्याला ज्या दिवशी भोक पाडलं त्या दिवशी त्या छताची वॉरंटी संपली. बिल्डर म्हणाला, चौकट एसीसोबत आलेली आहे, आम्ही फक्त बसवली. उन्हाने सीलंट, म्हणजे फटीत भरलेला लेप, तडकलं असेल तर ते 'हवामानाचा परिणाम' या कलमात जातं. तरी गाडी इकडे घेऊन या, पाहून घेऊ. 'इकडे' म्हणजे हजार किलोमीटर. जाऊन येऊन दोन हजार. आमची गाडी लिटरला दहा देते, म्हणजे दोनशे लिटर डिझेल. एका थेंबासाठी अठरा हजारांचं डिझेल जाळायचं, तेही 'पाहून घेऊ' या शब्दावर.

पत्रा एकाचा, भोक दुसऱ्याचं, चौकट तिसऱ्याची. पाणी मात्र माझं.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. गाडी हौसेने घेतली आहे, कोणी बळजबरी केली नव्हती; आणि घर गळणारी माणसं या शहरात हजारो असताना चाकावरच्या दुसऱ्या घराचं दुःख किती उगाळायचं, हे मलाही समजतं. पण राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. लोकांनी अशा गाड्या घ्याव्यात, भाड्याने द्याव्यात, पेंच-ताडोब्याकडे पर्यटक न्यावेत, असं सरकारच सांगतं आहे. समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला आहे. रस्ता झाला, धोरण झालं. ती गाडी बिघडली तर उत्तर कोणी द्यायचं, एवढंच ठरवायचं राहिलं. माझं म्हणणं साधं आहे: नोंदणी एका गाडीची होते, तर वॉरंटीही एकाच माणसाने, संपूर्ण गाडीची दिली पाहिजे. तो माणूस म्हणजे गाडी शेवटी ज्याच्या हातून तयार होऊन बाहेर पडते तो.

आरटीओच्या नोंदीत पाहा. 'कॅम्पर व्हॅन' हा वाहनाचा वेगळा प्रकार आहे. अशा गाडीच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. मोटर कॅराव्हॅन कशाला म्हणायचं, याची त्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे: बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची सोय, आणि हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं हवं. म्हणजे सरकारच्या लेखी पलंग आणि शेगडी हे गाडीचे अवयव आहेत. ते नसतील तर ती मोटरहोमच नाही. मग इंजिन बिघडलं की ती गाडी असते आणि पलंगावर पाणी पडलं की ते फर्निचर होतं, हे कोणत्या तर्काने?

पुढे जाऊन सांगतो, कायद्याला हा तर्क मान्यही नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा 'उत्पादक' कोणाला म्हणतो हे तपासा. स्वतः माल बनवणारा तर उत्पादक आहेच. पण दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडून वस्तू तयार करणाराही त्या व्याख्येत बसतो. आमचा बिल्डर फोनवर दर वेळी "आम्ही फक्त बसवतो" असं ज्या निरागसपणे म्हणतो, त्या 'बसवण्या'लाच कायद्याने उत्पादन म्हटलं आहे. ही गोष्ट गाडी घेणाऱ्या शंभरातल्या एकालाही ठाऊक नसेल. मलाही नव्हती.

याच कायद्यात एक फटही आहे. उत्पादनाच्या दोषामुळे झालेल्या हानीची जबाबदारी, म्हणजे प्रॉडक्ट लायबिलिटी, यावर एक आख्खं प्रकरण आहे. ते वाचून मी हरखलो होतो. मग 'हानी'ची व्याख्या वाचली. खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान त्या व्याख्येत धरलेलंच नाही. गॅसच्या नळीमुळे कोणी भाजलं तर ते प्रकरण तुमच्या कामाचं. गाडीचंच छत कुजलं तर नाही. तेव्हा आपण पुन्हा साध्या 'मालातील दोष' या तक्रारीवर येतो. ती करता येते, स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पन्नास लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा ग्राहक आयोग पुरतो आणि फी हजाराच्या वर जात नाही. पण मुदत दोन वर्षांची. "गाडी घेऊन या, पाहून घेऊ" हे वाक्य दर महिन्याला एकदा ऐकत दोन वर्षं कशी निघून जातात, ते ज्याने ऐकलं आहे त्यालाच कळेल.

आणि धोरणावर विश्वास ठेवून ज्याने ही गाडी धंद्यासाठी घेतली, त्याची तर आणखी पंचाईत. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा ग्राहकाचं संरक्षण देत नाही. फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरत असेल त्यालाच सूट आहे. एक गाडी घेऊन ती स्वतः चालवणारा पोरगा कदाचित तरून जाईल. दुसरी घेऊन तिच्यावर ड्रायव्हर ठेवला की समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार. एका खात्याने बोलवायचं आणि दुसऱ्या खात्याच्या कायद्याने दार लावून घ्यायचं, असा हा पाहुणचार आहे.

"अमेरिकेत बघा, तिथे लेमन लॉ आहे," असं एका मित्राने मला ऐकवलं. म्हणजे सदोष नवी गाडी बदलून द्यायला लावणारा कायदा. बघितलं. कॅलिफोर्नियाचा सॉन्ग-बेव्हर्ली कायदा १९७० पासून आहे. त्यातलं नवीन वाहन बदलून मिळण्याचं संरक्षण मोटरहोमच्या चेसिसला, केबिनला आणि इंजिन-गिअरच्या यंत्रणेला मिळतं. माणसांनी राहण्यासाठी जो भाग केला आहे तो त्यातून वगळलेला आहे. इंडियानातल्या एल्कहार्टभोवती या गाड्यांचे कारखानेच कारखाने आहेत, तरी त्या देशाच्या लोकसंख्येने सगळ्यात मोठ्या राज्यातलं हे चित्र. तेव्हा तिकडची नक्कल करायची हौस असेल तर निदान हे कलम सोडून करा.

आता जरा गाडीच्या पोटात शिरू. मी वीज मंडळात तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे वायर दिसली की हात थांबत नाही. ऑक्टोबरात इंजिनचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेली. पोराने स्कॅनर लावला, मग डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि निळ्या टेपने गुंडाळलेला एक जोड मला चिडून बोटाने दाखवला. बिल्डरने मागची बॅटरी चार्ज करायला मूळ फ्यूजबॉक्सच्या वायरीचं इन्सुलेशन सोलून तिथूनच लाइन घेतली होती. ना फ्यूज, ना लग, ना स्लीव्ह. आमच्याकडे लाइनमनने असा जोड मारला असता तर त्याला मी पुन्हा खांबावर चढवला असता. त्या पोराचा राग शंभर टक्के रास्त होता.

पण त्याच्या साहेबाने पुढे जे केलं ते रास्त नव्हतं. दिवा लागला होता तो एक्झॉस्टमधल्या एका सेन्सरमुळे. त्या जोडाशी त्याचा काही संबंध नव्हता, हे स्कॅनरच्या कागदावरच छापलं होतं. तरी जॉबकार्डावर शेरा पडला: 'अनधिकृत विद्युत बदल, वॉरंटी लागू नाही.' सेन्सरचे पैसे मी भरले. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोकला होता, तो सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल. दंडावर पुढे अपिलं झाली. पण त्या आदेशातलं एक तत्त्व प्रत्येक गाडीवाल्याने पाठ करावं असं आहे: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. मोटरहोमला हे तत्त्व जितकं लागू पडतं तितकं दुसऱ्या कशालाच नाही, कारण या गाडीत 'बाहेरचं काम' जन्मापासूनच असतं.

वजनाचंही तेच. या गाड्या कुठे मोडतात हे पाहायचं असेल तर धरमकाट्यावर घ्या. नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या एका काट्यावर मी आधी आख्खी गाडी चढवली, मग फक्त मागची चाकं. काटेवाल्याला वाटलं माझं काही बिनसलं आहे. पाण्याची टाकी दीडशे लिटरची, म्हणजे दीडशे किलो. ती, बॅटऱ्या आणि कपाटं सगळी मागच्या एक्सलच्या मागे. एकूण वजन मर्यादेत निघालं, मागच्या एक्सलवरचं निघालं नाही. स्प्रिंगचे पाटे बसत चालले होते ते याचमुळे. पाट्यांची वॉरंटी अर्थातच 'ओव्हरलोड'च्या कलमाने गेली. ओव्हरलोड मी केला नव्हता, तो मला विकला गेला होता. आता अर्धी टाकी भरूनच निघतो.

इथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे, नाहीतर लेख अर्धवट राहील. बिल्डरने विचारलं होतं, "सर, पूर्ण बिल हवं की थोडं कच्च्यात करायचं?" आतल्या सुतारकामाचा काही हिस्सा मी कच्च्यात दिला. जीएसटी वाचला म्हणून खूशही झालो होतो. आज तक्रारीला जोडायला माझ्याकडे त्या कामाची एक पिवळी चिठ्ठी आहे. तीवर आकडा आहे, खाली सही नाही. 'सगळेच करतात' हे खरं, आणि म्हणूनच सगळेच गप्प बसतात. बिल्डरांचं फावतं त्यात आपला हा वाटा आहे. पण माझ्या लबाडीने त्याचं गळकं काम घट्ट होत नाही. त्याची जबाबदारी आणि माझी करचुकवेगिरी हे दोन वेगळे हिशेब आहेत. दुसरा मला भरावा लागला तर भरीन.

बिल्डरांची बाजूही मी ऐकली आहे, फक्त माझ्याच नाही, आणखी दोघा-तिघांची. ते म्हणतात, आम्ही दहा-पंधरा माणसांचे कारखाने. वर्षाला मोजक्या गाड्या करतो. एसी कोणाचा, पंप कोणाचा, व्हॅन कोणाची. सगळ्यांचं उत्तर आम्हीच द्यायचं म्हटलं तर एका खराब बॅटरीत आमचा वर्षाचा नफा जाईल. शिवाय गिऱ्हाईक गाडी कशी वापरेल सांगता येत नाही. हे अगदीच खोटं नाही. ताडोब्याच्या कच्च्या रस्त्यावर गाडी साठने पिटाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि वॉरंटीचा बोजा वाढला की गाडीची किंमत वाढणार, हेही उघड आहे.

पण साधा विचार करा. बॅटरी खराब निघाली तर बॅटरी कंपनीशी भांडायला जास्त ताकद कोणाकडे आहे? वर्षाला वीस बॅटऱ्या घेणाऱ्या बिल्डरकडे, की आयुष्यात एकदा घेणाऱ्या माझ्याकडे? त्याने मला उत्तर द्यावं आणि स्वतःचा हिशेब तिकडे मागावा. घर बांधून देणारा ठेकेदार सिमेंट कंपनीचा नंबर आपल्या हातात देऊन मोकळा होत नाही. किंमत वाढेल तर वाढू द्या. आजही ती मी भरतोच आहे, फक्त बिलात न दिसता, वाडीच्या काट्यावर आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हप्त्याहप्त्याने.

हे करायला नवा कायदा लागत नाही, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. जिची बॉडी वेगळीकडे बनते त्या गाडीच्या नोंदणीला फॉर्म २२-ए लागतो. त्याचे दोन भाग आहेत: पहिला चेसिस बनवणाऱ्याने भरायचा, दुसरा बॉडी बिल्डरने. म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे असं बिल्डर सही-शिक्क्याने लिहून देतोच. त्याच दुसऱ्या भागाला कॅम्पर व्हॅनसाठी एक पान जोडा. त्यावर संपूर्ण गाडीची वॉरंटी, वायरिंग आणि पाण्याच्या लाइनचा नकाशा, आणि एक्सलनिहाय वजनाची काट्याची पावती. नकाशाचं एवढं का, असं कोणी म्हणेल. माझ्या भिंतीमागून कुठली वायर गेली आहे हे आज पृथ्वीतलावर एकाच सुताराला माहीत आहे आणि तो ते काम सोडून गावी गेला आहे. नकाशा असता तर नागपूरचा कुठलाही चांगला इलेक्ट्रिशियन ती गाडी दुरुस्त करू शकला असता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन हे क्षेत्रही आहे. या छोट्या बिल्डरांकडून नकाशे मागायला ते चांगलं निमित्त आहे.

आणि वॉरंटीची मुदत महिन्यांत मोजू नका. एक पूर्ण उन्हाळा आणि त्याच्या मागून येणारा एक पूर्ण पावसाळा तिच्यात आलाच पाहिजे. ही मागणी विदर्भातल्या माणसालाच सुचेल, पण कारण पक्कं आहे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो, हात टेकवत नाही. रात्री तोच पत्रा आवळतो. पत्रा एका मापाने फुगतो, एसीची प्लास्टिकची चौकट दुसऱ्या मापाने, आणि दोघांमध्ये बसलेलं सीलंट महिनाभर ओढलं जातं. ते तडकतं मे महिन्यात, कळतं जूनमध्ये. सहा महिन्यांची वॉरंटी देऊन गाडी नोव्हेंबरात ताब्यात देणाऱ्याला हे गणित ठाऊक नसतं असं मी मानत नाही. आणि ज्या देशात गाडी विकायची त्या देशाच्या उन्हाला 'हवामानाचा परिणाम' म्हणून वगळायचं, तर उरतं काय? गुलाबी थंडी?

छत शेवटी वाडीतच नीट झालं. बसच्या बॉड्या करणारा एक मिस्त्री आहे, साठीचा. वर चढला, चौकटीभोवतीचं सीलंट नखाने टोकरून पाहिलं आणि खाली उतरून म्हणाला, "भाऊ, हे घरातल्या खिडकीले लावाचं सिलिकॉन आहे. गाडी हलते नं, हे याले नाही जमत." चौकट पूर्ण काढली. खाली पत्र्याची कापलेली धार तशीच कोरी होती, गंज धरलेली. ती घासली, प्रायमर मारला, ब्युटाइलची टेप बसवली, बोल्ट एकाआड एक आवळले. दोन दिवस लागले. मग त्याने मला आत बसवलं, एसीखाली एक जुना पेपर पसरला आणि पोराला वर चढवून पाइपने पाणी सोडलं. अर्धा तास. मी पेपरकडे पाहत होतो, तो खिडकीतून माझ्याकडे. कार कारखान्यांत नव्या गाड्या शॉवर टेस्टमधून काढतात, ती हीच. माझ्या गाडीची ती वाडीच्या रस्त्यावर, ताब्यात आल्यानंतर आठव्या महिन्यात झाली.

किती झाले विचारलं तर साडेचार हजार म्हणाला. मी पक्कं बिल मागितलं. त्याने बिलबुक शोधायला पोराला पानठेल्यापर्यंत पाठवलं आणि मला विचारलं, "बिल कायले पाहिजे, भाऊ? गळलं तं मी इथंच आहो."

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. त्या बिलाची प्रत जोडली आहे, काट्याची पावती जोडली आहे, स्कॅनरचा कागद जोडला आहे. पिवळी चिठ्ठीही जोडली, वकील नको म्हणत असताना. बिल्डरने उत्तरात लिहिलं आहे की स्थानिक मिस्त्रीने छताला हात लावल्यामुळे आता वॉरंटी संपुष्टात आली आहे.